निळ्या गाडीचं जागरण

मोहित्यांची निळी गाडी अंगणात उभी होती. तिची मोठी बॅटरी भरलेली होती. पाटणहून कोल्हापूरला जाऊन परत येता येईल एवढी वीज तिच्यात होती. तरी गाडी उठत नव्हती. हाक मारली तर ओ देत नव्हती. दाराच्या मुठी आत गेल्या होत्या, त्या बाहेर येत नव्हत्या. पप्पांनी दोनदा टपावर थाप मारून पाहिली, पण थापेने गाडी उठत नाही.

"पोट भरलेलं आणि अंगात जीव नाही, असं कसं हो?" शिंदेकाकूंनी कुंपणापलीकडून विचारलं.

"तेच तर कळत नाही," पप्पा म्हणाले. "महिन्यात तिसरी वेळ ही. मागच्या वेळी छोटी बॅटरी नवीन टाकली. तीपण गेली."

दहा वर्षांची कस्तुरी पायरीवर उभी होती. या कोड्याचं उत्तर आपल्याला माहीत असावं, असा तिला संशय होता. म्हणून ती गाडीकडे बघत नव्हती. स्वतःच्या पायांकडे बघत होती.

पप्पा भिवाकडे वळले. भिवा म्हणजे घरातला यंत्रमानव. त्याला दोन चाकं, दोन लांब हात आणि घागरीएवढं डोकं होतं. कस्तुरी लहान होती तेव्हा आजीने त्याला घरात आणलं, त्याचं नाव ठेवलं आणि एकेक काम शिकवलं. कामाबरोबर आजीचं बोलणंही तो शिकला. गाडी पुसायची आणि तिला चार्जिंगची वायर लावायची, हे काम भिवाचं होतं.

"भिवा, तू गाडीला काही केलंस का?"

"नाही रे सुजा," भिवा म्हणाला. पप्पांचं नाव सुजित. त्यांना सुजा म्हणणारी फक्त आजी होती.

"मग कुणी केलं?"

भिवाच्या डोक्यातला हिरवा दिवा एकदा मिचकला. "सुजा, तू पोहे खाल्लेस का?"

"बघा आबा!" पप्पा आपल्या वडिलांना म्हणाले. "विचारतोय काय आणि सांगतोय काय. हा बिघडलाय. कंपनीचा माणूस म्हणाला, जुने यंत्रमानव असे बिघडतात. दिवसभर गाडीशी बिनतारी बोलत राहतात आणि तिला झोपू देत नाहीत. संध्याकाळी त्या माणसाला घेऊनच येतो मी. याची आठवण पुसून नवीन बसवून देणार आहे."

"सगळी आठवण?" आबांनी विचारलं.

"सगळी. अर्धी पुसता येत नाही म्हणे."

पप्पांनी आवाज खाली आणला. "मलासुद्धा बरं वाटत नाही, आबा. पण परत कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी उठलीच नाही, तर?"

"संध्याकाळपर्यंत वेळ दे," आबा म्हणाले. "मी मोजून बघतो."

पप्पा शिंदेकाकांच्या गाडीत बसून कऱ्हाडला कामावर गेले. कस्तुरी तिथेच उभी राहिली. भिवा बिघडलेला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आजीने त्याला एक नियम शिकवला होता. पोरांची चहाडी करायची नाही, आणि कुणी फारच विचारलं तर विषय बदलायचा. भिवा फक्त तो नियम पाळत होता, आणि तोही तिच्यासाठी.

आजीला जाऊन महिना झाला होता. त्या दिवशी पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. पप्पा रात्रपाळीला होते, आई नोकरीच्या गावी पुण्याला होती. गाडी स्वतः चालणारी, म्हणून आबा पुढे बसले. कस्तुरीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून आजीने तिला वाकळेत गुंडाळून आपल्याजवळ मागच्या सीटवर घेतलं. कऱ्हाडच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, गाडीतच आजी गेली.

मग घरात माणसं जमली. माजघरात फरशीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला. माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात आणि दहा दिवस विझू देत नाहीत, असं आत्याने सांगितलं.

"पण आजी तर गाडीत गेली," कस्तुरी म्हणाली. "दिवा गाडीत हवा ना?"

"गाडीत कुठे दिवा लावतात गं? पेटेल सगळं," आत्या म्हणाली आणि कामाला लागली.

मग कस्तुरीने दिवाळीच्या माळेतला एक दिवा घेतला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. त्याची वायर तिने मागच्या सीटखालच्या चार्जिंगच्या खाचेत लावली. पण गाडीला कुलूप लागलं की थोड्या वेळात दिवा विझायचा. तिने भिवाला कारण विचारलं. मागे कुणी बसलेलं असेल तर गाडी ती खाच बंद करत नाही, असं भिवाने सांगितलं. मागे कुणी बसलंय हे गाडीला कळतं ते सीटच्या पट्ट्यावरून. कस्तुरीने आजीच्या जागेचा पट्टा ओढून खट्कन लावला. दिवा विझायचा थांबला.

वर आजीची वाकळ होतीच. त्या दिवसापासून ती मागच्या सीटवरच होती. पट्टा तिच्याखाली गेला आणि दिवा तिच्या लोंबत्या टोकाआड. पप्पांनी गाडी तपासली. मेस्त्री येऊन गेला. भिवा रोज काचा पुसत होता. पण वाकळ कुणी उचलली नाही.

दहा दिवस झाले तरी कस्तुरीने दिवा काढला नाही. गाडी पहिल्यांदा मेली तेव्हा ती घाबरली. मग तिने स्वतःची समजूत घातली. एवढासा दिवा एवढ्या मोठ्या गाडीला कसा संपवेल? दुसऱ्यांदा गाडी मेली तेव्हाही तिने हेच म्हटलं. एकदा सांगायचं राहिलं, की दुसऱ्यांदा सांगणं आणखी जड जातं. आता भिवावर आळ आला होता आणि ती अजून गप्पच होती.

"कस्तू, ये इकडे," आबांनी हाक मारली. "मला खाली वाकता येतं, पण वाकल्यावर वर बघता येत नाही. मला तुझ्या डोळ्यांची मदत लागणार आहे."

ती गेली. नाही कसं म्हणणार?

आबांनी अनेक वर्षं पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांवर संशोधन केलं होतं. अवजारांची पेटी घेऊन ते गाडीशी बसले, की त्यांची पाठ दुखायची थांबायची. किल्लीने त्यांनी गाडीचं पुढचं झाकण उघडलं.

"गाडीत बॅटऱ्या किती?"

"दोन. मोठी खाली तळाला असते. ती चाकं फिरवते."

"आणि ही?" त्यांनी दोन विटांएवढ्या एका काळ्या डब्यावर बोट ठेवलं.

"ती छोटी. पण तिचं काम काय ते माहीत नाही."

"मोठी बॅटरी फार जोरदार असते. तिचा धक्का बसला तर माणूस वाचत नाही. म्हणून गाडी उभी असली की मोठीची वाट बंद करून ठेवतात. ती वाट उघडणारा एक भक्कम स्विच असतो, आणि तो स्विच ओढायला थोडी वीज लागते. ती वीज छोटी देते. कुलपं, दिवे, गाडीचा मेंदू, सगळं हिच्यावर चालतं."

कस्तुरीने जरा विचार केला. "म्हणजे छोटी संपली की मोठी आत कोंडून राहते?"

"अगदी बरोबर. गाडी चालते किंवा चार्जिंगला असते तेव्हा मोठी छोटीला भरते. नुसती उभी असली की छोटी स्वतःजवळचं खाते." आबांनी फडक्याला हात पुसले. "आणि आपली गाडी महिनाभर उभीच आहे."

गाडी का उभी आहे, ते दोघांनाही माहीत होतं.

"आता पहिली शंका," आबा म्हणाले. "घरातल्या माठातलं पाणी रोज कमी होतंय. तर माठ गळतोय की कुणी पाणी पितंय? कसं शोधशील?"

"माठ भरून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही. तरी कमी झालं तर माठ गळका."

"मी तेच केलं. मागच्या वेळी तुझ्या बापाने काढून टाकलेली बॅटरी मी भरली आणि फळीवर ठेवली." त्यांनी भिवाकडून ती जुनी बॅटरी मागून घेतली आणि तिची टोकं तपासली. "बघ, अजून भरलेली आहे. म्हणजे माठ चांगला आहे. गाडीतलं काहीतरी पाणी पितंय."

आबांनी ती भरलेली बॅटरी गाडीत बसवली. मग एक वायर सोडवून त्यांनी मध्ये धारामापी (वाहत्या विजेचा प्रवाह मोजणारं यंत्र) जोडला. आता गाडीत जाणारी सगळी वीज त्या यंत्रातून जाणार होती आणि किती जाते त्याचा आकडा दिसणार होता. पुढचं दार उघडून आबांनी दाराच्या कडीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर ढकलला. खट्ट आवाज झाला.

"हे कशाला?"

"दार उघडं असलं की गाडी जागी राहते. आता तिला वाटतंय की दार बंद झालं."

"तिला खोटं कळत नाही?"

"नाही. आपण सांगू ते तिला खरं वाटतं. बिचारी."

कस्तुरीला मागच्या सीटचा पट्टा आठवला. तिने मान फिरवली नाही.

"आता थांबायचं," आबा म्हणाले. "गाडीला कुलूप लावलं की तिची यंत्रं एकदम झोपत नाहीत. घरातली माणसं कशी एकेक करून आडवी होतात, तसंच. सगळी झोपली की आकडा पॉइंट शून्य दोन अँपिअरवर (अँपिअर म्हणजे विजेच्या प्रवाहाचं माप) यायला पाहिजे. तेवढ्याने नुसतं घड्याळ आणि कुलपाचे कान जागे राहतात. मग ही बॅटरी अडीच महिन्यांहून जास्त पुरते."

ते थांबले. भिवाने आबांसाठी बादली पालथी घातली आणि ते तिच्यावर बसले. सावली भिंतीवरून खाली सरकली.

"किती?"

"पॉइंट साठ."

"अजून?"

"अजून पॉइंट साठ."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "तीस पट. मग अडीच महिन्यांचे राहिले तीन दिवससुद्धा नाहीत. कस्तू, ही गाडी झोपतच नाही. महिनाभर जागरण चाललंय तिचं. तिला कोण उठवून ठेवतंय ते शोधायचं."

शोधायची रीत सोपी होती. गाडीत प्रत्येक भागाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर एक फ्यूज (वीज जास्त झाली तर स्वतः वितळून वाट तोडणारी बारीक तार) असतो. आबा पुढच्या सीटखाली वाकून एकेक फ्यूज काढणार होते. प्रत्येक वेळी जरा थांबायचं आणि आकडा बघायचा. ज्या फ्यूजने आकडा पडेल त्या वाटेवर चोर.

"गाण्यांचा. किती?"

"पॉइंट साठ."

"काचांचा."

"पॉइंट साठ."

"समोरचे दिवे."

"तेवढाच."

"मागची सीट."

कस्तुरीने आकड्याकडे पाहिलं. आधी तो हलला नाही. मग पॉइंट बेचाळीस झाला. मग पॉइंट एकोणीस. पायऱ्या उतरावा तसा तो खाली आला आणि पॉइंट शून्य दोनवर थांबला.

"किती?" सीटखालून आबांचा आवाज आला.

आता सगळ्यांना कळणार. आबा वाकळ उचलणार, पट्टा बघणार, दिवा बघणार आणि विचारणार, हे का केलंस? आणि मग तिला ते सांगावं लागणार, जे तिने भिवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"पॉइंट साठ," कस्तुरी म्हणाली.

"आणखी थोडं थांबू?"

"नको. तेवढाच आहे."

आबांनी फ्यूज परत बसवला. आकडा लगेच चढला. आता तो खरोखरच पॉइंट साठ होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

उरलेले फ्यूज झाले. आबा उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर माती होती. त्यांनी तीसुद्धा झटकली नाही.

"म्हणजे गाडीतलं काही नाही," ते सावकाश म्हणाले. "बाहेरून कुणीतरी तिला उठवतंय. सुजित म्हणतो ते खरं असणार. मला वाटलं होतं..." ते थांबले. "असू दे. काय वाटलं होतं त्याला अर्थ नाही. आकडा सांगतो तेच खरं. एकच तपासणी राहिली. भिवा, इकडे ये."

भिवा चाकांवरून हळूहळू आला.

"तुला जरा बंद करतो. आकडा पडला तर दोष तुझा." आबांनी त्याच्या मानेमागे हात नेला, पण बटण दाबलं नाही. "आणल्यापासून याला कधी बंद केलेलं नाही," ते कस्तुरीला म्हणाले. "जुना झालाय. परत उठला तर उठला."

"अहो," भिवा म्हणाला. आजी आबांना हाक मारायची तशीच. "घोटभर चहा घ्या, मग डोकं चालवा. आणि गच्चीवर पापड वाळत आहेत. मी बंद असलो तर कुणीतरी आठवणीने काढा. कस्तूला भूक लागली असेल. ती मागून घेत नाही, तिला विचारावं लागतं."

आबांचा हात बटणावरच राहिला. ते दुसरीकडे बघत होते.

"आबा, नका," कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान आला की तिला वाटलं, कुणाला ऐकूच गेला नाही. ती मोठ्याने म्हणाली, "नका बंद करू त्याला! आकडा पडला होता. मागच्या सीटला पडला होता. मी खोटं सांगितलं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावतील म्हणून ती थांबली, पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"परत काढतो," ते म्हणाले. "या वेळी जे दिसेल ते सांग."

ते पुन्हा वाकले. फ्यूज निघाला. कस्तुरीला डोळे पुसून आकडे वाचावे लागले.

"पॉइंट बेचाळीस."

"बिनतारी यंत्र झोपलं."

"पॉइंट एकोणीस."

"कॅमेरे झोपले."

"पॉइंट शून्य दोन."

"मेंदू झोपला." आबा उठून उभे राहिले. "चोर मागच्या सीटवर आहे. वाकळ उचल."

"तुम्ही उचला ना."

"मला उचलवत नाही गं," आबा म्हणाले. "स्वतःला संशोधक म्हणवतो. सगळी गाडी तपासली, ही एक वाकळ सोडून."

मग त्यांनी एक टोक धरलं आणि कस्तुरीने दुसरं. दोघांनी मिळून वाकळ उचलली. खाली पट्टा होता, कुणीही बसलेलं नसताना लावलेला. पायाशी तो जोंधळ्याएवढा दिवा होता. फ्यूज काढल्यामुळे तो विझला होता.

आबा वाकून दिव्याकडे बघत राहिले. "माजघरातला दिवा," ते म्हणाले.

"आजी इथे गेली. तिथे नाही. म्हणून इथे लावला. दहा दिवस झाल्यावरही मी काढला नाही." कस्तुरी नाक ओढत होती. "पण एवढासा दिवा एवढी वीज कशी पिईल, आबा? मला खरंच कळत नव्हतं."

"ते आपण मोजूनच बघू." आबांनी दिवा सोडवला आणि वेगळ्या तारांवर लावून धारामापीवर धरला. "वाच."

"पॉइंट शून्य एक." ती गोंधळली. "हे तर काहीच नाही."

"काहीच नाही. हा दिवा एकटा असता तर बॅटरी कितीतरी महिने पुरली असती. तुझा अंदाज बरोबर होता. वीज दिव्याने खाल्ली नाही." त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. "या पट्ट्यानेपण खाल्ली नाही. पट्टा काहीच खात नाही. तो फक्त गाडीला एक गोष्ट सांगतो. ती ऐकून गाडी काय करते बघ. मागे माणूस आहे, त्याला गरम तर होत नाही ना, म्हणून ती हवा तपासत राहते. तो बरा आहे ना, म्हणून कॅमेरे चालू ठेवते. मदत मागायची वेळ येईल म्हणून बिनतारी यंत्र जागं ठेवते. आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला मेंदू जागा राहतो. लहानशा गोष्टीने सगळं घर जागं राहिलं. बॅटरी संपली ती जागरणाने."

"म्हणजे महिनाभर गाडीला वाटत होतं की..."

"मागे कुणीतरी बसलंय."

भिवाने वाकळ घेतली, तिची घडी घातली आणि छातीशी धरून उभा राहिला.

"भिवाने चहाडी केली नाही," कस्तुरी म्हणाली. "त्याला पुसून टाकणार होते तरी केली नाही. मला सगळं माहीत होतं, आबा. तरी मी आकडा खोटा सांगितला."

"का?"

आबा पालथ्या बादलीवर बसून वाट बघत राहिले.

"मी झोपले होते," शेवटी ती म्हणाली. "आजीला दुखत होतं आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. तिने पाणी मागितलं असेल. मला हाक मारली असेल. मला कळलंच नाही. दवाखान्याच्या दारात जाग आली तेव्हा ती..." तिने बाहीने नाक पुसलं. "मग मला वाटलं, निदान दिवा तरी झोपायला नको."

आबांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या सदऱ्याला फ्यूजच्या डब्यातल्या धुळीचा वास येत होता.

"मी पुढे होतो," ते म्हणाले. "वरच्या आरशात मला मागचं दिसत होतं. तिने पाणी मागितलं नाही. हाक मारली नाही. ती तुला थोपटत होती. मी मागे वळून विचारणार होतो, वैजू, कसं वाटतंय? तिने ओठांवर बोट ठेवलं. तुझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे हळू, ती उठेल." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू झोपावंस असं तिला वाटत होतं. तू जागी असतीस तर तिला तुझी काळजी करावी लागली असती. झोपलीस ते बरं केलंस."

कस्तुरी रडली. भिवाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दोन हात मागे सरकून उभा राहिला, आजी उभी राहायची तसा.

"पण आकडा खोटा सांगितलास ते बरं केलं नाहीस," थोड्या वेळाने आबा म्हणाले.

"माहीत आहे."

"मोजणाऱ्याने खोटं सांगितलं की शोध चुकतो. आज चुकून आपण भिवाला पुसलं असतं. ते सुजितला मी सांगणार नाही."

"मी सांगेन," कस्तुरी म्हणाली.

तिने आजीच्या जागेचा पट्टा सोडवला. खट्ट आवाज करून तो सीटच्या आत गेला. जोंधळ्याएवढा दिवा तिने खिशात टाकला. आबांनी मागच्या सीटचा फ्यूज परत बसवला, कारण आता त्याला बाहेर ठेवायची गरज नव्हती. मग मागचं दार लावून दोघं धारामापीपाशी उकिडवे बसले.

"आबा," तिने विचारलं, "गाडीला कुलूप लावताना ती सांगत का नाही, की आत अजून कोण जागं आहे? पट्ट्यामुळे जागी आहे, दारामुळे जागी आहे, असं?"

"नव्या गाड्या सांगत असतील. हिला येत नाही."

"शिकवता येईल?"

आबांनी डोकं खाजवलं. "भिवा तिच्याशी बिनतारी बोलतोच. तिने कोण जागं आहे ते भिवाला सांगायचं आणि भिवाने आपल्याला. करता येईल. आज्ञा तू लिहायच्या, चुका मी शोधीन."

"ती चहाडी नाही होणार?" भिवाने विचारलं.

कस्तुरीला हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली. ती भिवासमोर जाऊन उभी राहिली. "नाही. ही चहाडी नाही. आणि भिवा, मी गप्प बसले ते चुकलं माझं."

भिवाचा हिरवा दिवा मिचकला. "कस्तू, तू पोहे खाल्लेस का?"

आकडा उतरू लागला होता. पॉइंट बेचाळीस. पॉइंट एकोणीस. आबा वाचत नव्हते. तीच वाचत होती, मोठ्याने आणि दिसेल तसं. पॉइंट शून्य दोन. महिन्यानंतर पहिल्यांदा निळी गाडी झोपली.

फाटकाशी शिंदेकाकांची गाडी थांबली. पप्पा उतरले, त्यांच्यामागून हातात पेटी घेतलेला कंपनीचा माणूस उतरला.

"काय आबा, सापडलं का काही?" पप्पांनी लांबूनच मोठ्याने विचारलं.

वाकळ छातीशी धरून भिवा पुढे झाला. त्याने एक लांब बोट डोक्यावर, ओठ असायला हवेत त्या जागी ठेवलं.

"हळू रे सुजा," तो म्हणाला. "ती उठेल."

आबा एकदम उभे राहिले. भिवा गाडीबद्दलच बोलत होता, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी डोळे पुसले.

कस्तुरी फाटकापर्यंत चालत गेली.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "कंपनीच्या काकांना पेटी उघडू देऊ नका. आधी मला एक आकडा सांगायचाय. मग त्याच्या आधी मी सांगितलेला खोटा आकडापण सांगते."